दप्तरापासून संगणकापर्यंत : भोपाळच्या अनुभवातून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्यांचा मी विद्यार्थी. या व्यासपीठावर आजवर विद्वान बोलून गेले. मी विद्वान नाही. आयुष्यातली बत्तीस वर्षे शासकीय नोकरीत कागद लिहिणे, कागद शोधणे आणि पुढे कागदाचा संगणक होताना पाहणे यांत गेली. तेव्हा जे पाहिले त्याचाच थोडा इतिहास आपणांपुढे ठेवावा असे ठरवून आलो आहे.

आरंभ गुरुजींच्या हजेरीपटापासून करतो. गुरुजी हजेरीपट स्वतः लिहीत. त्याच्या शेवटच्या रकान्यात 'शेरा' हा शब्द छापलेला असे. बहुतेक वर्गांत तो रकाना वर्षभर कोरा राही. गुरुजींच्या हजेरीपटात मात्र तोच सर्वांत भरलेला असायचा. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या वडिलांची बदली झाली, कोणाची चप्पल तुटली म्हणून तो आला नाही, हे सारे बारीक अक्षरांत तिथे असे. एकदा मी धीर करून कारण विचारले. ते म्हणाले, "अरे, गैरहजेरीची खूण वाचून मला तू आला नाहीस एवढेच कळते. शेरा वाचल्यावर मी काय करायचे ते कळते." त्या वेळी या उत्तराचे महत्त्व मला उमगले नाही. ते उमगायला भोपाळमधील एक रात्र आणि त्यानंतरची अनेक वर्षे लागली.

आज कार्यालयांतून, रुग्णालयांतून, बँकांतून 'माहिती व्यवस्था' हा शब्द सर्रास ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच संगणक उभा राहतो. वस्तुतः माहिती व्यवस्था संगणकाहून फार जुनी आहे. जिथे एक माणूस काही नोंदवतो, दुसरा ते वाचतो आणि वाचून तिसरा काही कृती करतो, तिथे माहिती व्यवस्था असते. या तिघांमधला दुवा तुटला की कागद कितीही सुबक असो वा यंत्र कितीही महाग असो, व्यवस्था मोडते. माझ्या आजच्या कथनाचे सूत्र एवढेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पाठीवर जे वाहता ते दप्तर आणि पुण्यातले पेशवे दप्तर हा एकच शब्द आहे. तो फारसीतून आला आणि आपल्या भाषेत इतका रुळला की राज्याचा कारभार आणि मुलाची वह्या-पुस्तके यांना आपण एकच नाव दिले. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात गावोगावच्या वसुलाचे हिशेब, सनदा, इनामांच्या नोंदी, रोजकीर्दी आणि ताळेबंद मोडी लिपीत लिहून कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. मोडी झरझर लिहिता यावी अशी लिपी. लेखणी फारशी न उचलता ओळ पुरी होते. म्हणजे कारकुनाच्या हाताची सोय पाहून घडलेले ते साधन होते.

या दप्तराचा इतिहास बोधप्रद आहे. नाना फडणिसांच्या काळात दप्तराची शिस्त वाखाणली गेली. १८०० साली नाना गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याच दप्तराची आबाळ झाली. लिपी तीच, कागद तोच, रुमालही तेच. बदलले एवढेच, की वरून त्या नोंदी मागणारा आणि वाचणारा कोणी राहिला नाही. जी नोंद कोणी मागत नाही ती लिहिणाराही हळूहळू निष्काळजी होतो. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा मोडी वाचू शकणारी माणसे हाताशी होती म्हणून ते काम झाले. साधन टिकून वाचणारा नाहीसा झाला की साधन मुके होते. आजच्या चुंबकीय फितींनाही हाच नियम लागू आहे.

आता आपल्या भोपाळकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य स्थापन झाले. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ राज्य आणि जुन्या मध्य प्रदेशातील महाकोशल असे चार भाग त्यात एकत्र आले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. जुन्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला अशी वाटणी झाली. नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर इथून जी मराठी कुटुंबे त्या काळी भोपाळला आली, त्यांपैकी एक आमचे. माझे वडील नागपूरच्या सचिवालयातील कारकून. त्यांच्याबरोबर लाकडी पेट्यांतून कागद आले, आणि कागदांबरोबर सवयी आल्या.

राज्ये नकाशावर एका दिवसात एक होतात. दप्तरे होत नाहीत. नागपूरकरांची टिपणी इंग्रजी वळणाची, ग्वाल्हेर-इंदूरकडची शिंदे-होळकरांच्या दरबारी परंपरेतून आलेली, आणि भोपाळ नवाबीचे जुने कागद उर्दू-फारसीत. वडील ज्याला 'फाईल' म्हणत त्याला ग्वाल्हेरकर 'मिसल' म्हणत आणि पुढे सर्वांनीच 'नस्ती' म्हणायला सुरुवात केली. नाव एक झाले तरी क्रमांक घालण्याच्या रीती कित्येक वर्षे निरनिराळ्याच चालल्या. कोणती नस्ती कुठे सापडेल हे नोंदवहीपेक्षा चार-दोन वृद्ध दफ्तरींच्या स्मरणात अधिक होते. त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. त्याची किंमत आम्ही पुढे मोजली. ते यथाक्रम सांगेन.

आता ज्या रात्रीमुळे भोपाळचे नाव जगाला ठाऊक झाले, त्या २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीकडे येतो. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील मिथाइल आयसोसायनेटच्या दुर्घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यायाचे, नुकसानभरपाईचे आणि जबाबदारीचे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत. मी तिकडे फक्त एका दप्तरी माणसाच्या नजरेने पाहणार आहे : त्या रात्री कोणाला काय ठाऊक होते, ते कुठे लिहिले होते आणि कोणी वाचले?

६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले. ते कसे शिरले याबद्दल कामगारांचे म्हणणे एक आणि कंपनीचे दुसरे. परंतु पाणी शिरले याविषयी वाद नाही. रात्री १० वाजून २० मिनिटांनी टाकीतील दाब दर चौरस इंचास २ पौंड नोंदला गेला. पावणेअकराच्या सुमारास पाळी बदलली. नव्या पाळीतील माणसाने ११ वाजता पाहिले तेव्हा काटा १० वर होता. नेहमीच्या कामकाजात हा दाब २ पासून २५ पर्यंत असू शके. त्यामुळे १० हा आकडा पाहून त्याला काही विशेष वाटले नाही. हे दोन आकडे एकापुढे एक ठेवले असते तर चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला हे शाळकरी मुलालाही दिसले असते. पण एक आकडा एका पाळीचा होता, दुसरा दुसऱ्या पाळीचा. माहिती होती, ती जोडणारा दुवा नव्हता.

साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्या कारखान्यात लहानसहान गळती डोळ्यांनीच ओळखण्याची सवय पडून गेली होती. माणसाचे डोळे हेच तिथले विश्वासाचे यंत्र झाले होते, कारण बसवलेल्या यंत्रांवर कोणाचा भरवसा नव्हता. काटे पुष्कळदा चुकीचे दाखवीत, म्हणून खरे दाखवीत तेव्हाही कोणी चटकन मानीत नसे. गळती सापडली, वरिष्ठांना कळवली गेली, आणि चहानंतर पाहू असे ठरले. या गोष्टीवर नंतर जगभर टीका झाली. परंतु मित्रहो, ज्या ठिकाणी अशी गळती नित्याची झाली आहे, तिथे चहानंतर पाहू असे म्हणणारा माणूस एकटा दोषी नसतो. ते नित्याचे होऊ देणारी सगळी व्यवस्था त्याच्या मागे उभी असते. मध्यरात्रीनंतर काटा मोजपट्टीच्या पलीकडे गेला, तेव्हा हाताशी वेळ उरला नव्हता.

या व्यवस्थेचे स्वरूप पाहा. टाकी थंड ठेवणारे शीतकरण संयंत्र जून १९८४ पासून बंद होते; त्यामुळे तापमान वाढल्याची सूचना देणारी योजनाही निरर्थक झाली. खर्च कमी करण्यासाठी या विभागातील पाळीची माणसे बारावरून सहावर आणली होती. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि कामगारांपैकी अनेकांना इंग्रजी येत नव्हते. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने धोके लेखी नोंदवले होते. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. म्हणजे लिहिणारे होते. लिहिलेले वाचून कृती करण्याचे अधिकार ज्यांच्याकडे होते त्यांच्यापर्यंत ते पोचले, आणि तिथेच थांबले.

कारखान्याच्या बाहेरही हेच घडले. नागरिकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते. वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, ओले कापड तोंडाला लावा, एवढे साधे ज्ञान जयप्रकाश नगरच्या वस्तीला कोणी कधी दिले नव्हते. लोक वायूबरोबरच धावत राहिले. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना समोर येणारे रुग्ण कोणत्या विषाने बाधित आहेत हे ठाऊक नव्हते.

त्याच रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. फलाटावर उभी असलेली गोरखपूरची गाडी सुटायला अवकाश होता. त्यांनी वरून आदेश येण्याची वाट न पाहता ती वेळेआधी सोडली आणि आजूबाजूच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका असे कळवले. रेल्वेची संदेशव्यवस्था तर जुनाट तारा आणि दूरध्वनी यांचीच होती. पण तिच्या एका टोकाला समोरचे पाहून निर्णय घेणारा माणूस होता, आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारे सहकारी. कारखान्यात जे तीन दुवे तुटले होते, ते इथे शाबूत होते.

दुर्घटनेनंतर एक युक्तिवाद वारंवार ऐकू आला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधील इन्स्टिट्यूट या गावी याच कंपनीचा कारखाना होता. तिथे देखरेखीसाठी संगणक होता, भोपाळला नव्हता. संगणक असता तर हे घडले नसते. हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. भोपाळनंतर इन्स्टिट्यूटच्या कारखान्यात आणखी एक संगणकीय योजना बसवण्यात आली. वायू सुटला तर त्याचा ढग कोणत्या दिशेने किती दूर जाईल हे ती सांगणार होती. ११ ऑगस्ट १९८५ रोजी, म्हणजे भोपाळला वर्षही उलटले नव्हते तेव्हा, तिथे अल्डिकार्ब ऑक्झाइम या रसायनाची गळती झाली आणि सुमारे १३५ लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या संगणकात या रसायनाची माहिती भरलेलीच नव्हती. शिवाय गावाला सूचना देण्यातही विलंब झाला. कोणते रसायन भरायचे हे माणसांनी ठरवले होते आणि भोंगा केव्हा वाजवायचा हेही माणसांच्याच हाती होते. यंत्र आले, जुनी सवय त्याच्या शेजारी तशीच बसून राहिली.

हा विचार नवा नाही. १९५१ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफर्थ यांनी इंग्लंडच्या कोळसा खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी यंत्रे आली, पण त्यांच्यासाठी कामगारांच्या जुन्या छोट्या टोळ्या मोडल्या गेल्या. ज्या टोळ्यांत एकमेकांची काळजी घेण्याची रीत होती त्या गेल्या आणि यंत्राचा अपेक्षित लाभ हाती आला नाही. यंत्राची रचना आणि माणसांची रचना एकदमच करावी लागते, हा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडे बँकांत हा प्रश्न वाटाघाटींच्या मार्गाने हाताळला गेला. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. शाखांत खातेवही लिहिणारी यंत्रे आली. ती वस्तुतः संगणकच होती, पण नावात संगणक नव्हता. त्या काळी कित्येकांनी याची थट्टा केली. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. नोकरी जाईल या भीतीला हसण्यापेक्षा तिच्याशी बोलणी करणे बरे.

आता माझ्या स्वतःच्या कार्यालयाविषयी. खात्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष आमचा सर्वांचाच होता. १९९० नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडे संगणक आला. त्याच्यासाठी खोली थंड केली, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला, यंत्रावर मखमलीचे आच्छादन आले. देवघरात असते तेवढी शुचिता तिथे होती, आणि देवघरातल्याइतकेच थोड्यांना आत जाता येई. सर्व नस्त्यांची सूची संगणकात भरायचे ठरले. आज्ञावली बाहेरच्या तज्ज्ञांनी तयार केली. तीत नस्तीच्या क्रमांकासाठी एकच साचा होता. चार जुन्या राज्यांच्या चार रीतींनी घातलेले क्रमांक त्या साच्यात बसेनात. भरणाऱ्या मुलांनी जे बसले नाही ते आपल्या समजुतीने छाटले. आमच्याकडे एक वृद्ध दफ्तरी होते, नागपूरहून आलेले. कोणता क्रमांक कोणत्या परंपरेतला हे त्यांना तोंडपाठ होते. त्या वर्षभरात त्यांना कोणी एकदाही विचारले नाही, आणि आपण होऊन बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती. ते निवृत्त झाले, त्यानंतर तीन महिन्यांत आम्हांला एक महत्त्वाची नस्ती सापडेना. संगणक ती आहे म्हणत होता; कपाट नाही म्हणत होते.

याहून मोठी चूक अशी, की आम्ही जुनी आवक-जावक नोंदवही बंद केली नाही. साहेबांचा संगणकावर विश्वास नव्हता म्हणून नोंद आधी वहीत होई, आणि आठवड्याने वहीवरून संगणकात. काही दिवसांनी दोन्हींत फरक पडू लागला. खरे कोणते हे ठरवण्याची वेळ आली की वही काढली जाई. मग संगणकात काळजीपूर्वक कोण भरणार? पेशवे दप्तराची जी गत नानांनंतर झाली तीच इथे झाली. कर्नाटकाने पुढे जमिनीच्या उताऱ्यांचे संगणकीकरण केले तेव्हा हाताने लिहिलेला उतारा अवैध ठरवला, आणि त्या योजनेच्या यशाचे ते एक मोठे कारण मानले जाते. आपल्याकडे जमीन नोंदींच्या संगणकीकरणाचा प्रयोग १९८८-८९ मध्येच सुरू झाला होता. देशातील पहिल्या आठ जिल्ह्यांत मध्य प्रदेशचे मुरैना आणि महाराष्ट्राचे वर्धा हे होते. १ जानेवारी २००० रोजी धार जिल्ह्यात ज्ञानदूत ही योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांतून बाजारभाव, उतारे आणि तक्रारी यांची सोय झाली आणि त्याच वर्षी तिला स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला. पुढे तिचा वेग मंदावला. वीज आणि दूरध्वनी यांची अडचण होतीच. पण सूचनालयातून गेलेल्या अर्जाला कचेरीत बसलेल्या माणसाने उत्तर द्यायचे होते, आणि ती कचेरी जुनीच होती.

मित्रहो, आता एक गोष्ट सांगतो जी आजवर जाहीरपणे सांगितली नाही. १९८५ साली वायुबाधितांच्या नोंदी करण्याच्या कामावर मलाही काही आठवडे पाठवले होते. छापील तक्ता होता, घरोघर जाऊन भरायचा. 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात मी पुरुषाचे नाव लिहीत असे. एका घरी पुरुष नव्हता. ती बाई सांगत होती की नवरा त्या रात्रीपासून सापडलेला नाही, प्रेतही मिळालेले नाही. तक्त्यात 'मृत' किंवा 'हयात' असे दोनच पर्याय होते. मृत म्हणावे तर पुरावा नाही. मी 'हयात' वर खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. त्या तक्त्याला शेऱ्याचा रकाना नव्हता. पण समास होता, आणि समासात चार शब्द लिहायला मला कोणी अडवले नव्हते. मला गुरुजींची आठवण झाली नाही. त्या एका खुणेपायी तिला पुढे किती खिडक्यांवर उभे राहावे लागले असेल, ते मला कधी कळले नाही. कळावे म्हणून मी शोधायलाही गेलो नाही.

हा प्रश्न माझ्या एका तक्त्यापुरता नव्हता. भोपाळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड वायुबाधित ठरले. दावे निकाली काढताना सुमारे ५ लाख ७४ हजार लोकांना भरपाई मंजूर झाली. त्यांतील प्रत्येकाला आपण त्या रात्री तिथे होतो आणि आपल्याला इजा झाली हे कागदाने सिद्ध करावे लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ पासून सुमारे ८०,००० बाधितांच्या प्रकृतीचा दीर्घ अभ्यास हाती घेतला; १९९४ नंतर ते काम राज्य शासनाच्या केंद्राकडे गेले. रुग्णालये वाढली, कागद वाढले. पण एका रुग्णाचे सगळे कागद एका ठिकाणी येतील अशी योजना मात्र झाली नाही. एका दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नसे. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की बाधितांच्या वैद्यकीय नोंदींचे संगणकीकरण करावे आणि प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका व स्मार्ट कार्ड द्यावे. दुर्घटनेनंतर २८ वर्षांनी! आणि त्या आदेशाला दशक उलटून गेल्यावरही नोंदींच्या संगणकीकरणातील दिरंगाई हा जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढील विषय होता. या काळात संगणक महाग राहिले नव्हते, दुर्मीळही नव्हते. उणीव होती ती रुग्णाची नोंद ही रुग्णाचीच मालमत्ता आहे असे मानणाऱ्या कार्यालयीन वृत्तीची.

काही चांगलेही घडले, ते सांगितले पाहिजे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. अमेरिकेतही १९८६ साली लोकांना अशी माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. २००५ साली आपल्याकडे माहितीचा अधिकार आला. माहिती ही मालकाच्या किंवा साहेबाच्या कपाटातील वस्तू नसून ज्याच्या जिवाशी तिचा संबंध आहे त्याची ती आहे, हे तत्त्व या शहराने फार मोठी किंमत देऊन जगापुढे मांडले.

समारोप करतो. आपल्या शाळेतही आता संगणक आले आहेत आणि हजेरी त्यांत भरली जाते. त्याला माझा विरोध नाही. ज्याने हाताने सूच्या केल्या आहेत त्याला संगणकाची किंमत इतरांपेक्षा अधिक कळते. शिक्षकांना एवढेच विनवतो, की नवी पद्धत आणताना जुनी पद्धत ज्याच्या स्मरणात आहे त्याला आधी बोलवा, मग तो शिपाई का असेना. जे नोंदवायचे ते एकाच ठिकाणी नोंदवा. नोंद कोण वाचणार आणि वाचून काय करणार हे ठरल्याशिवाय नवा रकाना वाढवू नका. आणि शेऱ्याची जागा काढून टाकू नका.

विद्यार्थ्यांना दुसरे काय सांगू? तुमच्यापैकी अनेकजण उद्या पडद्यासमोर बसून माणसांची नावे भरतील. पडद्यावर दोनच पर्याय असतील आणि समोरचा माणूस तिसरेच काही सांगत असेल, अशी वेळ येईल. तेव्हा क्षणभर थांबा आणि त्याचे म्हणणे कुठे तरी लिहा. मी थांबलो नव्हतो.